साखरदाणीच्या पोटात

चांदी काढायची नसते, चांदीत जे दिसतं ते काढायचं, हा ताईचा पहिला धडा. ती चित्रकला शिकवते, आणि निवृत्त झाल्यापासून मी तिचा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी आहे.

दुपारभर मी घरातली चांदीची साखरदाणी पेन्सिलीने काढत बसलो होतो. काय दिसतंय याचा विचार करायचा नाही, नुसते काळे-पांढरे आकार उतरवायचे, हेही तिनंच शिकवलेलं.

ताई बाहेरून आली आणि चष्मा लावून वाकली. "ही खिडकी, हे टेबल. हा तू, टकलासकट. छान जमलंय. पण तुझ्या शेजारी ही कोण बसलीये?"

"तू असशील."

"मी आत्ता येतेय."

मी कागदावर नीट पाहिलं. अंबाडा, कललेली मान, टेबलावर टेकलेलं कोपर. माझं चित्र बघत बसल्यासारखी. शेजारची खुर्ची तर रिकामीच होती.

"काहीतरीच काढतोस. खोड ते." ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मी रबर कागदावर टेकवलं. ते पुढे सरकेना.

मी साखरदाणीत पाहिलं. खिडकी होती, मी होतो, मागे ताई होती. आणि रबर धरलेल्या माझ्या हातावर एक हात होता, लहान मुलाला चित्र शिकवताना ठेवतात तसा.