टाळीची जागा

प्रार्थना मंडळाच्या पेटीचा वरचा एक सूर कित्येक वर्षं मुका होता. दुरुस्तीवाल्याने दिवसभर खपून त्याला बोलतं केलं आणि आपली करामत ऐकायला तो मुद्दाम संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबला.

धृपदाच्या टोकाला सगळ्यांनी टाळी वाजवली आणि नेमकी तिथेच पेटीही बोलली. मंडळी अशी चपापली, जणू कुणी आगाऊपणे मध्येच तोंड घातलं.

"तिथे टाळी असते हो," मंडळ चालवणाऱ्या काकू म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंपासूनची रीत आहे."

"अहो काकू, पेटी तिथे मुकी होती, म्हणून ती टाळी आली."

"असेल. पण आता तिला परत गप्प करता येईल का?"

दुरुस्तीवाल्याने पेचकस काढला. पुढच्या धृपदाला सगळ्यात जोरात टाळी त्याचीच पडली.