पंचवीस नंबर

“आण्णा, तुमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी कोण?”

दीपानं अखेर विचारलं. शाळेतून येताना सीमा आणि पूजा या मैत्रिणींनी पैजच लावली होती. विचारून दाखव, मग दोघींकडून एकेक बर्फाचा गोळा. वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून दीपा कुणालाच भीत नव्हती. तरी आण्णांपुढं येऊन ती दोनदा परत फिरली होती.

महेंद्र आण्णा, तिचे वडील, बाजेवर बसून उत्तरपत्रिका तपासत होते. राज्याच्या दूरशिक्षण संस्थेचे कोर्स ते परराज्यात खपवत. माहितीपत्रकांची पिशवी खांद्याला लावून बुऱ्हाणपूर, इंदूर पालथं घालायचं, शाळा अर्धवट सुटलेल्या मराठी माणसांना गाठायचं आणि अर्ज भरून घ्यायचे. मग त्यांची उत्तरं टपालानं फिरत फिरत इथं बेलापुरात, आण्णांकडंच तपासायला येत.

“पंचवीस नंबर,” आण्णा लगेच म्हणाले.

“नाव काय त्यांचं?”

“नावं कचेरीत. आमच्याकडं नुसता नंबर येतो, आणि तेच बरंय. ओळखीचे मार्क मी कुणाला दिले नाहीत, देणारबी नाही.”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“मागच्या वर्षी, शहाण्णव साली, बुऱ्हाणपुरात चोवीसच अर्ज झाले होते,” आण्णा सांगू लागले. “पंचवीस नसले तर केंद्र नाही, आणि केंद्र नाही तर माझी नोकरी नाही. घरी येऊन दोन दिवस मी जेवलो नव्हतो. आठवतंय?”

“आठवतंय.”

“शेवटच्या दिवशी टपालानं याचा अर्ज आला. मी याला कधी पाहिलं नाही. पण आपली चूल याच्यामुळं पेटती आहे, एवढं ध्यानात ठेव.” त्यांनी एक पान पुढं केलं. कोपऱ्यात पिवळा डाग होता. “हळद. किराणा दुकान असणार. गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता लिहितो बिचारा. अन् लिहितो काय, वा.”

आई बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, “बिचाऱ्याचं ऱ्हाऊ द्या. यादी लिहा आधी. गूळ न्हाई, डाळ न्हाई. अन् संदीपच्या कुरडयांवर पत्ता टाका.”

संदीपमामा बुऱ्हाणपुरात यंत्रमागावर होता. आई दर महिन्याला त्याला काहीतरी खाऊ पाठवी. डबा कापडात शिवायची आई, पत्ता लिहायचे आण्णा, पोस्टात न्यायची दीपा. घरात लिहायचं काम आण्णांचंच. आई सांगायची, ते लिहायचे. लग्नापासूनची रीत होती ती. आईकडं कोर्सच्या पुस्तकांचे गठ्ठे झटकायचं काम. दुपारी आण्णा बाहेर गेले की ती झटकायला बसे, आणि ते काम लई वेळ चाले.

आण्णांनी यादी केली, पत्ता टाकला आणि पेन बाजूला ठेवलं. मग खिशातून एक कार्ड काढलं.

“हे सकाळी आलं. केंद्रावरनं. सोमवारपासून परीक्षा, अन् पंचवीस नंबर बसणार नाही म्हणे. घरची अडचण.” त्यांचा आवाज खाली आला. “पंचवीसच्या पंचवीस बसले नाहीत तर केंद्र बंद. पुन्हा तेच.”

“एक माणूस कमी झालं तर इतकं?” आईनं विचारलं.

“नियम आहे.”

आई उंबऱ्यापाशीच उभी राहिली. “घर टाकून कसं जावं मान्सानं? असंल काही.”

“दुसरं काय असणार? आठ दिवस दुकान कोण बघणार, हेच. अगं, त्यानं नुसतं सांगावं. मी जाऊन बसतो. पुड्या बांधीन, झाडलोट करीन, पाणी भरीन. त्याच्या उपकारापुढं हे काहीच नाही.”

“खरंच कराल?” दीपानं विचारलं.

“म्हणजे काय.”

“पाणीसुद्धा भराल?”

“भरीन म्हटलं ना.”

“दीपे, गप बस,” आई म्हणाली. तिची नजर जमिनीवर होती.

पण दीपा उठली. स्पर्धेत उभी राहिली होती तशी, दोन्ही हात मागं बांधून. कुरडयांचा डबा तिनं कोनाड्यातून उचलला आणि आईच्या हातात दिला.

“हा आता पोस्टानं जाणार नाही. कुरडयांखाली उत्तरं लपवून मामाकडं धाडायचं पुरे झालं. माझं ठरलंय. उद्यापासून आठ दिवस भाकरी मी करणार. आण्णा, पाणी आणि झाडलोट तुमच्याकडं. आई बुऱ्हाणपूरला चाललीय. सोमवारपासून तिची परीक्षा आहे.”