थरथरती फांदी

"हा हात नाही, फांदी आहे. फांदीच भ्याली तर पाखरानं बसायचं कुठं?"

आजोबा अंगणात उभे राहून हे बाबाला सांगायचे, तेव्हा गुलिझार उंबऱ्यात बसून हेझलनट फोडत असायची. सांगणं तिच्यासाठी नव्हतंच. मुलीच्या हातावर ससाणी द्यायची पद्धत त्या डोंगरात नव्हती. पण आवाज कानात राहून गेला. आज चहाच्या मळ्याच्या कडेला ती उभी होती आणि तोच आवाज परत परत येत होता, कारण खाली उतारावर बाबाचा हात थरथरत होता.

रानातून धरलेलं पाखरू पहिल्यांदा बिनदोरीचं उडवायचं ते गावासमोर. चहाखान्यातली माणसं हातातले पेले तसेच घेऊन आली होती. बाबाचा जोडीदार काझिम यानं मुठीवरच्या ससाणीच्या पायातली दोरी सोडली आणि मूठ पुढं केली. समोर थोड्या अंतरावर तिचा बाबा हुर्शित हातात मांसाचा तुकडा धरून उभा होता. ससाणीनं सरळ त्याच्याकडे यायचं. ती उडाली, त्याच्या डोक्यावरून गेली आणि दरीच्या तोंडाशी असलेल्या अक्रोडावर जाऊन बसली. पायातलं घुंगरू एकदा वाजलं नि गप्प झालं.

"ये गं बाई वाऱ्यावरची, फांदी तुझी घरची," हुर्शितनं हाक दिली. वडिलांचीच हाक, त्याच चालीवर.

ससाणीनं खाली पाहिलं. हलणारा हात पाहिला, हलणारं मांस पाहिलं. मग मान वळवून वर पाहिलं. वर डोंगराच्या धारेवरून रानातले ससाणे दक्षिणेला निघाले होते, एक गेला की मागून दुसरा. खालून, काळ्या समुद्राकडून, धुकं दरीत शिरत होतं. ते अक्रोडापर्यंत आलं की मग हाक कुणाला घालायची?

दोरीवर असताना ती हुर्शितकडे यायची. दोरीला दुसरीकडे जायला वाटच नसते. पाखराला माणसांची सवय व्हावी म्हणून दिवसभर तिला मुठीवर घेऊन तो चहाखान्यात बसायचा आणि हाताच्या थरथरीनं घुंगरू वाजतच राहायचं. "दादा, ससाणी आणलीस का नवरीची घोडी?" असं काझिम एकदा म्हणाला होता, तेव्हा हुर्शितच सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. आज कुणी थट्टा केली नाही. गुलिझारला त्याचीच जास्त भीती वाटली.

गावातली नवी पाखरं आधी हुर्शितपुढं यायची. छातीच्या हाडावरून अंगठा फिरवून तो सांगायचा, हिला आज खाऊ घाल, हिला उद्यापर्यंत उपाशी ठेव. आज ही गेली, तर उद्यापासून लोक त्याला मायेनं म्हणतील, दादा, आता आराम कर. त्या मायेनं बाबा वाळून जाईल हे तिला माहीत होतं.

आणि ससाणी का येत नाही, हेही तिला एकटीलाच माहीत होतं. रोज पहाटे, बाबा झोपेत असताना, ती पाखराला हातावर घेऊन स्वयंपाकघरात चुलीभोवती फिरायची. हाकेची तीच ओळ हळूच, ओठातल्या ओठात गुणगुणायची. ससाणी एक पाय पिसांत ओढून डोळे मिटायची. घुंगरू वाजायचं नाही. बाबाच्या वाट्याला निवलेलं पाखरू यावं, एवढंच तिच्या मनात होतं. पाखरानं मात्र आवाज तिचा धरला होता.

डाव्या मनगटावर नख्यांच्या खुणा उमटल्या, तेव्हा बाबानं जेवताना विचारलं होतं. तिनं बाही खाली ओढली. "चहा तोडताना ओरखडलं." त्यानं मान हलवली आणि लोण्याची वाटी तिच्याकडे सरकवली. लाव थोडं, म्हणाला.

धुक्यानं खालची झाडं गिळली. ससाणीनं अंग झाडलं, पिसं फुलवून परत मिटली. उडायच्या आधीचं हे झाडणं तिथल्या प्रत्येकाला ओळखीचं होतं. कुणाचा तरी पेला बशीवर टेकला, तेवढाच आवाज झाला. काझिम हुर्शितच्या जवळ जाऊन हलकेच म्हणाला, राहू दे दादा, आपण दुसरी धरू. हुर्शितनं ऐकलं नाही. त्यानं पुन्हा हाक दिली, ती "घरची"पाशी येऊन फाटली.

गुलिझारच्या जिभेवर ओळ आली होती. हाक दिली तर ती येईल, आणि कुणाकडे येते ते सारं गाव बघेल. नाही दिली तर जाईल. डावा हात आपोआप वर आला. तिनं तो परत ॲप्रनमध्ये खुपसला आणि खाली पाहिलं.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा बाबा उतार चढत होता. तिच्याकडेच. पेले हातात धरलेली माणसं बाजूला होत होती. तो तिच्यासमोर येऊन थांबला, थोडा धापत. तिचा डावा हात त्यानं ॲप्रनमधून बाहेर काढला आणि मांसाचा तुकडा तिच्या मुठीत ठेवला. त्याची बोटं तिच्या मनगटावर थरथरत होती.

"चहाच्या झुडपाला काटे नसतात, पोरी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मार हाक."