चौघांची नजर

पोस्टर रंगवण्यात उभी हयात गेलेल्या पेंटरचा एक साधा नियम होता. सिनेमा विनोदी असेल, तर पिवळ्याधमक रंगावर सगळी मंडळी हसत थेट आपल्याकडे बघणार. भयपट असेल, तर ती चौकटीबाहेर बघणार, कारण जे काही यायचं ते तिथूनच येणार.

हा सिनेमा विनोदी होता. त्याने चार हसरे चेहरे रंगवले, ब्रश धुतला आणि वळून पाहिलं, तर चौघांचेही डोळे डावीकडे होते. "वय झालं आता," असं पुटपुटत त्याने बुबुळं पुन्हा मधोमध आणली. रंग वाळायच्या आत ती परत डावीकडे गेली. डावीकडे स्वयंपाकघराचं दार होतं.

त्या दारातून बायको चहा घेऊन आली, त्याच्या हातात कप दिला आणि उजवीकडच्या स्टुलावर टेकली.

"अहो, ही माणसं माझ्याकडे का बघताहेत?"

बुबुळं उजव्या कडेला जाऊन थांबली होती.

"हात थरथरला असेल माझा," तो कसाबसा म्हणाला. "तू जरा खिडकीपाशी जाऊन उभी राहतेस?"

ती उठली आणि बाहेर बघत उभी राहिली. चौघांची नजर तिच्यामागोमाग खिडकीकडे सरकली. आता त्यांच्यातलं एकही तोंड हसत नव्हतं.

पेंटरने चहा न पिताच कप खाली ठेवला.

"घाबरलेत ना ते?" बायकोने मागे वळून न बघताच विचारलं.