सोळाव्या सोमवारचा बेल

"अगं बाई, बेल!" असं म्हणत वासंतीबाई वाटेच्या कडेला गुडघे टेकून बसल्याच.

रोप जेमतेम वीतभर. एका देठाला तीन पानं आणि त्यांवर तीन पाकळ्यांचं पांढरंशुभ्र फूल. वरच्या झाडांना अजून पुरती पालवी नव्हती. ऊन थेट जमिनीवर उतरलं होतं आणि बोटॅनिशर गार्टन या वनस्पतींच्या बागेतला तो रानाचा कोपरा फुलांनी पांढरा झाला होता.

सुनेने, अवनीने, शेजारचा फलक वाचला. "आई, बेल नाही हा. ट्रिलियम म्हणतात याला. बी रुजल्यापासून फूल यायला सात वर्षं लागतात. आणि ही पानं खुडली तर रोपच मरतं."

"तीन पानं आहेत ना? महादेवाला चालतात."

"आई, फेरबोटन आहे हो, सक्त मनाई! दंड करतील." तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत पुढे गेली.

आज सोळावा सोमवार होता. मागे उभ्या असलेल्या नवऱ्यासाठी, दत्तात्रयबुवांसाठीच हे व्रत. मिरजेत बुवा कीर्तनाला उभे राहिले, की पूर्वरंगातच माणसं डोळे पुसायची. चाळीस वर्षं वासंतीबाईंनी त्यांच्या मागे झांज धरली. पेटी अर्ध्या सुराने हलली, तरी त्यांचा कान ती पकडायचा. मग बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. "आवाज शाबूत आहे, आता बोला," डॉक्टर म्हणाले. बुवांनी 'हरी' म्हणून पाहिलं. गंजलेली कडी सरकावी तसं काहीतरी निघालं. ते त्यांनी ऐकलं, आणि त्या दिवसापासून बोलणं सोडून हातात लिहायची पाटी घेतली.

पहिले सोमवार मिरजेच्या ताज्या बेलाने पार पडले. जर्मनीत लुडविग्सहाफेनला लेकाकडे येताना वासंतीबाईंनी एक बेल पोथीत घालून आणला. बेल शिळा होत नाही म्हणून तोच दर सोमवारी धुऊन वाहायच्या. मागच्या सोमवारी धुताना पाण्यातच त्याचा चुरा झाला.

बुवांनी पाटी पुढे केली. 'चोरीचा बेल देवाला?'

"तुम्ही गप्प बसा हो," त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली.

त्यांनी बुवांकडे पाठ केली आणि देठाला दोन बोटं लावली. सात वर्षं. पण इकडे बुवांचा गळा. 'महादेवा, एवढ्या एकाच पानाचं पाप माझ्या माथी घाल.'

मागे पाटीवर नखाची टकटक झाली. त्यांनी मान वळवली नाही. टकटक वाढली. त्यांनी बोटं आवळली.

"नको."

शब्द फाटका होता, पण सुरात होता. मग दमादमाने पुढचे आले, "तोडू नकोस, वासंती. तो उगवला तिथेच देवाला वाहिलेला आहे."

रानात वाराही नव्हता. वासंतीबाईंची बोटं देठावरून सुटली. डोळ्यांतलं पाणी त्या पांढऱ्या पाकळ्यांवर पडलं, तरी त्यांनी मागे पाहिलं नाही.

"काय म्हणालात?" त्या म्हणाल्या. "अहो, मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा बघू."