कडुनिंबाला कप्पी

पुडीत चार तोळे खडा हिंग.

चार किलोची लोखंडी कप्पी, ताजं ग्रीस लावलेली.

खाटेवरून ओढून आणलेली गोधडी.

शेततळ्यात अंथरलेलं काळं प्लास्टिक, वर शेवाळ.

बांधावर एक कडुनिंब. एका अंगानं पिवळा.

जीप आणखी वीतभर खाली सरकली, तसा काठावरचा गलका बंद झाला. आत चंद्रप्पा होता. बांधावर गाडी मागं घेताना ओल्या मातीत चाकं घसरली आणि जीप पाठीकडून तळ्यात उतरली. त्याचा पाय क्लचखाली अडकला होता. दोघांनी बुड्या मारून पाहिल्या. पाय निघेना. पाणी पोटाला लागलं होतं.

अहमदपूरहून नरसिंग आला. रुतलेल्या गाड्या ओढणं हाच त्याचा धंदा. त्याच्या जीपला पुढं पोलादी तार ओढणारी विंच होती. पण जीप उभी राहील अशी घट्ट जागा फक्त मुरमाच्या रस्त्यावर, आणि रस्ता तळ्याच्या कडेला. तिथून ओढलं तर चंद्रप्पाची गाडी आडवी होऊन उलटणार. तार आधी तळ्यासमोर न्यायची, कप्पीतून वळवायची, मग जीपकडं आणायची. कप्पी बांधायला आधार हवा. या काळ्या रानात ठोकलेली पहार लोण्यातल्या सुरीसारखी निघून येते. समोर एकच झाड.

"त्याला नको!" चंद्रप्पा आतून ओरडला. "नरसिंगभाऊ, त्या झाडाला नको!"

लोक एकमेकांकडं बघू लागले. झाड शेजारच्या रानातल्या सुमनबाईचं. त्याची सावली चंद्रप्पाच्या सोयाबीनवर पडायची, म्हणून अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

सुमनबाईच्या खांद्यावर गोधडी होती. तार तुटली तर उसळून माणूस कापते. तारेवर टाकायला नरसिंगनं काहीतरी जाड मागितलं होतं.

"बुडाया लागलास तरी अकड जाईना का रे?" ती म्हणाली. "भांडण माझ्याशी हाय, झाडाशी न्हाई. बांध, नरसिंग."

"का नको, ते तरी सांग," नरसिंग ओरडला.

चंद्रप्पानं तोंड उघडलं. सुमनबाईकडं पाहिलं. मिटलं.

नरसिंगनं पट्टा बुंध्याला अगदी खाली, मुळांशी गुंडाळला. एका जागी चिखल थापलेला होता. साल नाकाशी आली तेव्हा फोडणीचा पुसट वास आला. बाई चुलीवरचं टाकून धावली असणार, त्याला वाटलं. त्यानं कप्पी अडकवली, तार ओवली, गोधडी टाकली.

"तारेच्या कोनात कुणी थांबू नका! दोन्हीकडचा ताण झाडावर येतो!"

विंच कण्हली. तार ताठ झाली. तळ्यातली जीप हातभर वर आली आणि प्लास्टिकवरून परत घसरली. पाणी चंद्रप्पाच्या छातीला लागलं. सगळे मागं सरले होते. सुमनबाई मात्र झाडाला तळवा टेकून उभी होती.

"सरका, बाई!"

"माझंच झाड हाय. मला काय करतंय?"

नरसिंगनं पुन्हा विंचचा खटका दाबला.

"काकू!" चंद्रप्पा किंचाळला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "काकू, बाजूला हो! झाड पडंल!"

"पडंल कशानं? सासऱ्यानं लावलेलं हाय."

"पडंल! मला ठाव हाय!"

नरसिंगचं बोट खटक्यावरून उचललं गेलं. सुमनबाईनं तळवा काढला. झाडाकडं पाहिलं, मग चंद्रप्पाकडं. पाणी त्याच्या गळ्याशी होतं. ती दहा पावलं मागं गेली आणि म्हणाली, "ओढ."

नरसिंगनं खटका दाबला. पुढची चाकं बांधावर चढली. बुंध्याशी माती फुगली. मागची चाकं काठाला लागली, वर आली, आणि मुळं कडाकडा तुटली. सुमनबाई आधी उभी होती बरोब्बर त्या जागेवर कडुनिंब आडवा झाला.

पहारीनं क्लच वाकवून पोरांनी चंद्रप्पाचा पाय सोडवला. तो बांधावर बसून थरथरत होता. सुमनबाईनं तारेवरची गोधडी ओढून काढली, त्याच्या अंगावर टाकली आणि समोर बसली.

"तुला कसं ठाव?"

त्यानं बुंध्यावर थापलेल्या चिखलाकडं बोट दाखवलं.

वैशाखात सुमनबाई लेकीकडं मुदखेडला गेली होती; त्या आठवड्यात, झाड आतून वाळावं म्हणून, चंद्रप्पानं बुंध्याला गिरमिटानं भोक पाडून हिंग भरला होता.