मजबूत दिल
देऊळघाटच्या अन्नपूर्णाबाईंना वांग्यांची टोपली उचलतानाही धाप लागू लागली, तेव्हा उकंडराव बायकोला घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात आले. “बीपीच्या गोळ्या का थांबवल्या?” डॉक्टरांनी विचारलं. “म्या बंद केल्या. हिचं डोकंच दुखत नव्हतं, काऊन खायाच्या?” उकंडराव म्हणाले. अन्नपूर्णाबाईंना झोपवून हृदयाची सोनोग्राफी करताना डॉक्टरांनी पडद्यावरच्या हृदयाकडे बोट दाखवलं. “वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून ही भिंत जाड झाली.” “मंग दिल मजबूतच झालं नं!” “नाही. भिंत ताठरली, आतली जागा घटली. रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, म्हणून धाप.” अन्नपूर्णाबाई ताडकन उठून बसल्या. “दिल माह्यं, अन् गोया बंद करनारे तुम्ही कोन? मले इचारलं?” त्या डॉक्टरांकडे वळल्या. “डॉक्टरसाहेब, आता याइचा दाब पाहा.” उकंडरावांच्या दंडाला पट्टा आवळला. आकडा बायकोच्या आकड्यापेक्षाही वर गेला. “दोघाइच्या गोया लिहा,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “डबा माह्यापाशी राहीन.”